सुमित्राबाईंचे चित्रपट आणि आमचा जिल्हा

ज्या स्त्रीने वयाच्या बेचाळिशीत, चित्रपटाचे कसलेही रीतसर शिक्षण पदरी नसताना, आपण ज्यांच्याविषयी संशोधन केले त्यांच्यापर्यंत ते परत गेलेच पाहिजे एवढ्या एका हट्टापायी कॅमेऱ्याचा आश्रय केला, आणि त्यानंतरची पस्तीस वर्षे कोणत्याही धनाढ्य पेढीची चाकरी न पत्करता एकामागून एक चित्रपट सिद्ध केले, तिच्या निधनानंतर जे मृत्युलेख वाचनात आले त्यांत पारितोषिकांच्या नामावळीने अर्धाअधिक रकाना व्यापलेला असावा आणि ते चित्रपट कोणी पाहिले या प्रश्नाला दोन ओळीही मिळू नयेत, ही गोष्ट मला तेव्हाही खटकली होती व आजही खटकते. सुमित्रा भावे १९ एप्रिल २०२१ रोजी पुण्यात निवर्तल्या. दिवस महासाथीचे होते, मृत्यूच्या वार्तांना त्या दिवसांत तोटा नव्हता, तेव्हा साकल्याने विचार करण्यास कोणाला सवड नसावी हे समजण्यासारखे आहे. परंतु आता ती सबब उरलेली नाही, आणि जालन्यासारख्या जिल्ह्यात बसून लिहिणाऱ्या माणसाला तर या प्रश्नाकडे पाठ फिरविता येत नाही. कारण त्यांच्या पहिल्या दहा-बारा वर्षांच्या निर्मितीचा विषय, म्हणजे पाणी, अवर्षण, गरीब घरातील बाई आणि तिच्या वाट्याला येणारे स्थलांतर, हा आमच्या आठही तालुक्यांच्या रोजच्या जगण्याचा विषय आहे.

सुमित्राबाईंचा जन्म १२ जानेवारी १९४३ चा. फर्ग्युसन महाविद्यालयातील शिक्षण, पुणे विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील ग्रामकल्याणाचा अभ्यासक्रम आणि पुढे कर्वे समाजसेवा संस्थेतील अनेक वर्षांचे अध्यापन, हा क्रम पाहिला तर अशी व्यक्ती यथाकाल एखाद्या विभागाची प्रमुख होऊन सन्मानाने निवृत्त व्हावयाची, असेच कोणीही भाकीत केले असते. तसे झाले नाही याला कारण पुण्याच्या झोपडवस्त्यांतील दलित स्त्रियांच्या जीवनाचा त्यांनी केलेला अभ्यास. आठ स्त्रियांनी आपापल्या तोंडाने सांगितलेल्या त्या जीवनकथा पुढे १९८८ मध्ये गेल ऑम्व्हेट यांच्या इंग्रजी अनुवादाने ग्रंथरूपात आल्या, अभ्यासकांनी वाचल्या, वाखाणल्या. पण ज्यांनी त्या सांगितल्या त्यांना अक्षर वाचता येत नव्हते, आणि आपले बोल छापून विद्वानांच्या कपाटात गेले याचे त्यांना सुखदुःखही असण्याचे कारण नव्हते. संशोधकाने माहिती न्यावी, पदवी मिळवावी आणि वस्तीला पुन्हा तोंड दाखवू नये, या जुन्या वहिवाटीची लाज वाटणारे लोक विद्यापीठांतून थोडे असतात. सुमित्राबाई त्यांतल्या होत्या. १९८५ चा ‘बाई’ हा लघुपट या लाजेतून जन्मला. तो ज्यांच्यावर होता त्यांनाच दाखविण्यासाठी केला होता. त्याला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले हा त्यानंतरचा भाग. त्या लघुपटाच्या वेळी साहाय्यक म्हणून जो विशीही न गाठलेला तरुण त्यांच्याकडे आला, तो सुनील सुकथनकर, पुढे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून दिग्दर्शनाचे शिक्षण घेऊन परत त्यांच्याकडेच आला आणि अखेरपर्यंत दोघांचे नाव जोडीने पडद्यावर येत राहिले.

या जोडनावाविषयी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. कथा, पटकथा, संवाद, वेशभूषा, कलादिग्दर्शन या सर्वांवर ज्या बाईचा हात फिरलेला असे, तिच्या चित्रपटाचे ‘खरे’ दिग्दर्शन कोणाचे, अशी कुजबूज करणारे महाभाग आपल्याकडे होते. आणि सहदिग्दर्शक पुरुष असल्याखेरीज हा संशय कोणाच्या मनात आला असता की नाही, याचा निर्णय वाचकांनीच करावा.

१९९५ चा ‘दोघी’ हा त्यांचा पहिला कथापट, आणि माझ्या मते, पुढे सुवर्णकमळ मिळविणारा ‘कासव’ जमेस धरूनही, त्यांचा सर्वश्रेष्ठ. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि दूरदर्शन यांच्या द्रव्यबळावर तो झाला. एका कोरडवाहू गावात थोरल्या मुलीचे, गौरीचे, लग्न ठरले आहे. मांडव घातला आहे. आणि वऱ्हाड वाटेत अपघातात सापडून नवरा मुलगा ठार झाल्याची वार्ता येते. बाप त्या धक्क्याने अंथरूण धरतो. मुलगी पांढऱ्या पायाची ठरते. पाऊस पाठ फिरवितो, चूल थंड पडते, आणि मग मामा येतो. सदाशिव अमरापूरकरांनी हा मामा असा रंगविला आहे की, तो दुष्ट आहे असे क्षणभरही वाटू नये. तो व्यवहार जाणणारा, अडचणीच्या घराला मार्ग दाखविणारा नातेवाईक आहे, आणि म्हणूनच तो भयंकर आहे. गौरी मुंबईला जाते. ती तेथे काय करते हे आईला कळलेले असते, परंतु ते तोंडाने उच्चारावयाचे नसते. उत्तरा बावकरांची ती आई पाहताना एक गोष्ट अंगावर येते ती ही की, मुलीचा पैसा घरात येतो तेव्हा तो घेणारा हात थरथरत नाही, पण मुलगी स्वतः दारात उभी राहिली की त्याच बाईचा चेहरा दगडासारखा होतो. पैशाला विटाळ नाही, लेकीला आहे. धाकटी कृष्णा (सोनाली कुलकर्णी) हे सारे पाहत मोठी होते आणि थोरलीचे (रेणुका दफ्तरदार) मौन पाहून तिच्या वाट्याचे प्रश्न विचारू लागते. या कथेत एकही भाषण नाही. आनंद मोडकांच्या संगीतात अंजली मराठे यांनी गायिलेल्या ज्या गीतासाठी त्यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले ते ना. धों. महानोरांचे, आणि महानोरांचे पळसखेडे अजिंठ्याच्या डोंगराच्या कुशीतले, म्हणजे आमच्या भोकरदनच्या शेजारचे. त्या गाण्यातील अवर्षण कोणी दुरून पाहिलेले नाही, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

सुमित्राबाईंच्या सर्वच चित्रपटांना मी हे प्रशस्तिपत्र देणार नाही. १९८५ मध्ये जो हेतू त्यांचे बळ होता तोच पुढे काही ठिकाणी त्यांचा अडसर झाला. कोडाविषयी चित्रपट, स्मृतिभ्रंशाविषयी चित्रपट, छिन्नमनस्कतेविषयी चित्रपट, माहितीच्या अधिकाराविषयी चित्रपट, अशी विषयवार मांडणी करता येण्याजोगी जी कृती असते तिच्यात पात्रे कधी कधी माणसांसारखी न बोलता माहितीपत्रकासारखी बोलू लागतात. ‘एक कप च्या’मध्ये किशोर कदमांनी उभा केलेला एस.टी.चा कंडक्टर जोवर अवाच्या सवा वीजबिलाचा कागद हातात घेऊन हतबुद्ध होतो तोवर तो आपला शेजारी असतो, आणि अर्ज कसा करावा, मुदत किती दिवसांची, अपील कोणाकडे, हे सुरू झाले की तो अभ्यासक्रमातील धडा होतो. ‘देवराई’तील अतुल कुलकर्णी यांचा शेष मात्र या दोषातून सुटला आहे, कारण त्या मनाची पडझड समजावून सांगण्याआधी ती दिसते. ‘अस्तु’मधील हत्तीमागून चालत जाणारा, स्वतःचे नाव विसरलेला संस्कृत पंडित (डॉ. मोहन आगाशे) आणि त्याला लेकरासारखे सांभाळणारी माहुताची बायको (अमृता सुभाष) यांचे प्रसंग कोणत्याही भाषेच्या चित्रपटाला भूषण व्हावे असे आहेत. तात्पर्य, गुणदोषांची चर्चा व्हावी इतके हे कार्य मोठे आहे; दुर्दैव असे की, चर्चा करण्याइतक्या लोकांनी ते पाहिलेलेच नाही.

याचे कारण शोधू गेले तर जो मामला समोर येतो तो पैशाचा आहे, आणि त्यातही एका विशिष्ट प्रकारच्या पैशाचा. चित्रपट निर्माण करण्यापुरता पैसा सुमित्राबाईंनी नेहमी कोठून ना कोठून उभा केला. कधी शासकीय महामंडळ, कधी एखाद्या व्याधीग्रस्तांसाठी झटणारी संस्था, कधी मनोविकारतज्ज्ञ असलेले डॉ. आगाशे स्वतः निर्माते म्हणून पुढे येतात, कधी नट मानधन बाजूला ठेवून उभे राहतात. ‘विचित्र निर्मिती’ हे त्यांनी आपल्या संस्थेला दिलेले नाव ऐकून लोक हसत, पण तिचा जमाखर्च खरोखरच विचित्र असला पाहिजे. मात्र चित्रपट डब्यात तयार झाला की तो लोकांपुढे नेण्यासाठी जो दुसरा पैसा लागतो, म्हणजे चित्रगृहाचे भाडे, जाहिरात, वितरकाची मनधरणी, तो देणारा कोणी भेटत नसे. ‘अस्तु’ हा २०१३ च्या राष्ट्रीय पारितोषिकांत दोन सन्मान मिळविणारा चित्रपट चित्रगृहांत लागावयास २०१६ उजाडले आणि त्यासाठी लोकवर्गणी मागावी लागली. ‘कासव’ला एप्रिल २०१७ मध्ये सुवर्णकमळ जाहीर झाले, ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’ यांच्यानंतर हा मान मिळविणारा तो पाचवा मराठी चित्रपट. तरीही तो ऑक्टोबरमध्ये प्रदर्शित झाला तेव्हा मोजक्या शहरांतील मोजक्या खेळांवर समाधान मानणे आले. दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा ‘दिठी’ लोकांना पाहावयास मिळाला तो २१ मे २०२१ रोजी मोबाइलच्या पडद्यावर, कर्ती जाऊन महिना झाल्यावर.

स्वतंत्र चित्रकर्तीच्या वाटचालीविषयी बोलताना आपण कॅनडासारख्या देशांचे दाखले देतो, आणि ते उगीच नाहीत. पण बहुधा चुकीच्या गोष्टीसाठी देतो. तिकडे सरकार चित्रपटाला पैसा देते, एवढेच आपण पाहतो. पैसा आपलेही सरकार देते. मराठी चित्रपटांना ‘अ’ आणि ‘ब’ दर्जा ठरवून अनुदान देण्याची पद्धत महाराष्ट्रात कैक वर्षे चालू आहे. अॅलनिस ओबोमसाविन यांचे उदाहरण घ्या. अबेनाकी या आदिवासी जमातीत वाढलेली, १९३२ साली जन्मलेली ही बाई गाणी आणि गोष्टी सांगत हिंडत असे. १९६७ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाने तिला बोलावून घेतले आणि नंतरच्या पन्नासहून अधिक वर्षांत तिने पन्नासच्या वर चित्रपट त्याच मंडळाच्या छत्राखाली केले. तिचा १९७१ चा पहिला चित्रपट जवळजवळ सर्वस्वी मुलांनी काढलेल्या चित्रांचा आहे. १९९० मध्ये मोहॉक लोकांच्या पूर्वजांच्या दफनभूमीलगत गोल्फचे मैदान वाढविण्याचा घाट घातला गेला आणि अठ्ठ्याहत्तर दिवस पोलीस-सैन्य व आदिवासी समोरासमोर ठाकले, तेव्हा ही सरकारी नोकरीतील दिग्दर्शिका सरकारच्या बंदुका ज्यांच्यावर रोखल्या होत्या त्यांच्या बाजूला, कुंपणाच्या आत, कॅमेरा घेऊन राहिली. १९९३ मध्ये त्यातून जो चित्रपट निघाला तो त्याच सरकारी मंडळाच्या शिक्क्यानिशी निघाला. या औदार्याचे मला कौतुक आहेच. याच मंडळात १९७४ पासून केवळ स्त्रियांनी चालविलेला ‘स्टुडिओ डी’ नावाचा विभाग होता आणि १९९६ मध्ये खर्चकपातीच्या नावाखाली तो गुंडाळला गेला, हेही विसरून चालणार नाही. तिकडेही सारे आलबेल नव्हते.

परंतु मला हेवा वाटतो तो त्या मंडळाच्या दुसऱ्याच एका व्यवस्थेचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून या मंडळाची माणसे प्रक्षेपक यंत्र घेऊन कॅनडाच्या खेड्यापाड्यांतून ठरल्या फेऱ्या करीत. पुढे सोळा मिलिमीटरच्या प्रती वाचनालयांतून पुस्तकासारख्या घरी नेता येत, शाळेत, चर्चच्या तळघरात, कामगारांच्या सभागृहात लावता येत. १९६७ मध्ये न्यूफाउंडलंडजवळच्या फोगो नावाच्या बेटावरील कोळ्यांचे बोलणे चित्रित करून ते प्रथम त्या कोळ्यांनाच, गावोगाव बसवून दाखविले गेले, आणि स्थलांतराच्या सरकारी तजविजीविषयी त्यांनी आपसांत विचार केला. म्हणजे सुमित्राबाईंना १९८५ मध्ये जे एकटीने सुचले, ते तेथे एका दप्तराचे नेमून दिलेले काम होते.

आणि आपल्याकडे ते कधीच नव्हते असे मानण्याचे कारण नाही. जिल्हा प्रसिद्धी कार्यालयाची निळी-करडी गाडी ज्यांनी पाहिली आहे ती पिढी अजून हयात आहे. चावडीपुढे दोन बांबूंना पडदा बांधला जाई, अलीकडे पुरुष आणि पलीकडे बायका बसत, त्यामुळे निम्म्या गावाने कुटुंबनियोजनाचा तो डावखुरा डॉक्टर पाहिला आणि निम्म्याने उजवा. जनित्राचा आवाज संवादांपेक्षा मोठा असे, तरी कोणी उठत नसे. चित्रपट रटाळ असत, हुकमी असत, पण सरकारचे यंत्र पडदा घेऊन आमच्या दारी येत असे. पुढे दूरचित्रवाणी आली, गाड्या भंगारात गेल्या, पदे गोठविली गेली. रटाळ चित्रपट दाखविण्यासाठी जी व्यवस्था होती ती, उत्तम चित्रपट निर्माण होऊ लागले नेमके तेव्हाच, मोडीत निघाली.

आमच्या जिल्ह्याविषयी मी येथे थोडे स्पष्ट लिहितो. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आम्ही पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने ऐकवितो. बियाण्यांच्या कंपन्या आहेत, पोलादाच्या भट्ट्या आहेत, मोसंबीच्या बागा आहेत. १ मे १९८१ रोजी औरंगाबादपासून वेगळे होऊन हा जिल्हा झाला, त्याला चार दशके उलटली. २०१२-१३ च्या दुष्काळात त्याच मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि शहर टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसले. दरवर्षी अंबड-घनसावंगीकडून ऊसतोडीच्या टोळ्या कोयता घेऊन निघतात. मुलींची लग्ने लवकर उरकली जातात, कारण मागे राहिलेल्या पोरीला कोणाच्या भरवशावर ठेवावे हा प्रश्न आईबापांना छळत असतो. ‘दोघी’ हा या माणसांचा चित्रपट आहे. ज्या मामाचे वर्णन वर केले तो येथे पाहणाऱ्यांना लगेच ओळखू येईल. साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या, तेव्हाच्या औरंगाबादेत दुर्गावाहिनीच्या मुलींच्या शिबिराचे चित्रण करून निशा पाहुजा या कॅनडातील दिग्दर्शिकेने २०१२ मध्ये ‘द वर्ल्ड बिफोर हर’ हा गाजलेला माहितीपट केला, जगभरच्या महोत्सवांत तो वाखाणला गेला, आणि आमच्या मुलखातील त्या मुलींच्या तोंडचे शब्द टोरंटोच्या प्रेक्षकांनी आमच्याआधी ऐकले. मला त्या दिग्दर्शिकेला दोष द्यावयाचा नाही. आमचे चित्र आमच्यापर्यंत न पोहोचणे ही तिची नव्हे, आमची नामुष्की आहे.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच की, अनुदानाचा जो पैसा चित्रपट पुरा झाल्यावर निर्मात्याच्या हाती पडतो त्यातील एक हिस्सा, अथवा त्याच्या जोडीला वेगळी तरतूद, केवळ दाखविण्यासाठी मुक्रर करावी. आणि ते काम मुंबईच्या महामंडळाकडे न ठेवता जिल्ह्याकडे द्यावे. यावर येणारा पहिला आक्षेप मला ठाऊक आहे: आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, ज्याला पाहावयाचे तो पाहील. हा आक्षेप घेणाऱ्याने ‘दोघी’ त्या सहा इंची काचेवर एकट्याने पाहणे आणि सासू, सून, जाऊ, शेजारीण यांनी एका सतरंजीवर बसून पाहणे यांतला फरक कधी अनुभवलेला नसतो. पहिल्यात बाई डोळे पुसून काम करावयास उठते. दुसऱ्यात ती शेजारणीशी बोलते. दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो तर टिकतच नाही. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत प्रक्षेपक यंत्र आलेले आहे, बंद खोलीत कुलूपबंद असले तरी ते आहे. १९६७ च्या कायद्याने मान्यता मिळालेली सार्वजनिक वाचनालये तालुक्यातालुक्यात आहेत, ज्यांच्या कपाटांना पुस्तकांबरोबर चित्रपटांचे जतन करण्यास हरकत नसावी. तिसरा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो: सरकारने दाखवावयाचे म्हटले की काय दाखवावयाचे हेही सरकार ठरविणार, आणि मग पुन्हा तोच डावखुरा डॉक्टर. म्हणून निवड वाचनालये, महाविद्यालये आणि बचत गट यांच्या माणसांनी करावी. कलेक्टर कचेरीने यंत्र, वाहन आणि परवानगी एवढेच पाहावे, आणि नापसंतीचा शेरा मारण्याचा मोह आवरावा.

आरंभ ‘कासव’ने करू नये. तो सुंदर आहे, पण त्याची संथ गती आणि कोकणचा किनारा यांच्याशी आमच्या प्रेक्षकाची ओळख व्हावयास वेळ लागेल. तो महाविद्यालयांतून दाखवावा, जेथे त्यातील निराशेने ग्रासलेल्या तरुणाच्या वयाची मुले बसलेली असतील. ‘एक कप च्या’ आठवडी बाजाराच्या दिवशी तहसीलच्या गावी लावावा; त्यातील जो धडा मला कलादृष्ट्या खुपला तोच तेथे सर्वाधिक उपयोगी पडेल, आणि वीजबिल हातात घेऊन आलेली चार माणसे खेळ संपल्यावर कारकुनाकडे जातील. पण पहिला खेळ ‘दोघी’चा, आणि तो ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडण्यापूर्वी, कारण दिवाळीनंतर ज्यांना तो दाखवावयाचा त्या बायका साखर कारखान्याच्या फडावर असतात. परवानगीची पत्रे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे आणि ‘विचित्र निर्मिती’कडे पाठवावी लागतील, ती पोळ्याच्या आत जिल्हा परिषदेच्या जावक बारनिशीत चढली, तर दसऱ्याच्या अगोदर अंबड तालुक्यात पडदा बांधणे कठीण नाही.